गिटारचं स्वस्तातलं पेडल आणि जाड तारा घरच्या घरी कसं ट्राय करायचं

सगळ्यात आधी एक सांगतो, दोन्ही गोष्टी एकाच दिवशी करू नका. आपल्या सांगली-मिरजेकडची बरीच पोरं ऑनलाइन ऑर्डर टाकताना कार्टमधी पेडल (गिटार आणि ॲम्पच्या मधी लावायचा, आवाज बदलणारा पायानं दाबायचा डबा) घेतात आणि डिलिव्हरीचे पैसे वाचतायत म्हणून सोबत ११ च्या जाड तारांचा सेट पण टाकतात, पार्सल एकत्रच येतं आणि त्याच संध्याकाळी दोन्ही लावून बसतात. मग आवाज बदलला तर तो कशामुळं बदलला ते कळत नाही आणि बिघडला तर अजिबातच कळत नाही. तार फ्रेटला (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीला) घासतेय का पेडल खरखरतंय, गिटार बेसूर झालीय का पेडलचा गेन (आवाज किती फाटतो ते) जास्त झाल्यामुळं तसं वाटतंय, सगळा गुंताच होऊन बसतो. पार्सल आलं की पेडल फक्त चालू होतंय का, लाइट लागतोय का, आवाज येतोय का एवढं बघून घ्या कारण परत करायची मुदत सुरू झालेली असते, आणि ते परत डब्यात ठेवा. आधी तारा. त्या बसू द्या, सेटअप करा, दोन-चार दिवस साध्या क्लीन आवाजात वाजवा आणि मगच पेडलकडं वळा.

तारांच्या पाकिटावर ९-४२, १०-४६, ११-४९ असे आकडे असतात ते इंचाच्या हजाराव्या भागातले असतात, म्हणजे १० चा सेट म्हणजे सगळ्यात बारीक तार ०.०१० इंच आणि सगळ्यात जाड ०.०४६ इंच. एका आकड्यानं काय फरक पडणार असं वाटतं पण ताण हा तारेच्या जाडीच्या वर्गाप्रमाणं वाढतो, त्यामुळं साध्या पोलादी तारेला ९ वरनं १० वर गेलं की सुमारे २३ टक्के जास्त ताण आणि १० वरनं ११ वर गेलं की अजून सुमारे २१ टक्के. साडेपंचवीस इंच स्केलच्या गिटारवर, म्हणजे स्ट्रॅटोकास्टर टाइप, सगळ्या सहा तारा मिळून ९ च्या सेटला साधारण ३९ किलो, १० ला ४७ च्या आसपास आणि ११ ला ५३ किलोच्या आसपास ओढ असते. एवढी ओढ ती लाकडाची मान रोज सहन करत असते, म्हणून तारा जाड केल्या की नुसत्या तारा बदलून काम संपत नाही.

मिरजेत तारा घ्यायला गेलात तर एक गोष्ट डोक्यात ठेवा, सतारीच्या तारांचे नंबर उलटे चालतात. बाजाची तार २९, ३०, ३१ अशा नंबरात मिळते आणि तिथं नंबर वाढला की तार बारीक होते. गिटारला नंबर वाढला की तार जाड. शिवाय सतारीच्या तारेला टोकाला तो पितळी गोळा नसतो त्यामुळं ती गिटारच्या ब्रिजमधी (बॉडीवर तारा जिथं अडकवतात तिथं) अडकत नाही. तर दुकानात गिटारचाच सेट मागा, आणि इलेक्ट्रिकचाच मागा, ॲकॉस्टिकच्या ब्राँझच्या तारांचा आवाज पिकअपला (तारांखालच्या, आवाज पकडणाऱ्या चुंबकाला) बरोबर लागत नाही. ज्यांच्याकडं नायलॉन तारांची क्लासिकल गिटार आहे त्यांनी पोलादी तारा कुठल्याही जाडीच्या लावू नका, ब्रिज उखडतो. आणि दोन-अडीच हजारातल्या ॲकॉस्टिकला ट्रस रॉड (मानेच्या आतला, ती सरळ ठेवणारा धातूचा गज) आहे का नाही ते बघितल्याशिवाय जाड तारांच्या नादाला लागू नका.

आता जाड तारा घ्यायच्या कशाला? नेटवर सगळे म्हणतात जाड तार म्हणजे जाड आवाज. थोडाफार फरक पडतो, खोटं नाही, पण नुसत्या आवाजासाठी एवढा खटाटोप करू नका. खरा फरक हाताला जाणवतो आणि त्याहून खरा फरक पट्टी उतरवल्यावर पडतो. आपल्याकडं गायक काळी एक, काळी दोन अशा पट्ट्या सांगतात, आणि गिटारवाल्याला दर गाण्याला कॅपो (सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा) शोधायला लागतो नाहीतर बोटं दुखेपर्यंत बारे कॉर्ड धरायला लागतात. सगळी गिटार अर्धा सूर उतरवून ठेवली की उघड्या डीच्या शेपमधी थेट काळी एक मिळते, ईच्या शेपमधी काळी दोन आणि जीच्या शेपमधी काळी तीन. भावगीतं असोत का गणपतीतला ऑर्केस्ट्रा, हे फार सोयीचं पडतं. पण १० च्या तारा अर्धा सूर उतरवल्या की ताण साधारण ११ टक्के कमी होतो आणि जाड तारा लुळ्या लागतात, जोरात झटका मारला की सूर हलतो. तिथं ११ चा सेट लावला की उतरवूनही हाताला जवळपास १० चाच ताण लागतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, नेहमीच्या ट्युनिंगला १० पुरे आणि पट्टी उतरवून वाजवणार असाल तर ११. ९ वरनं उडी मारून थेट ११ वर, ते पण नेहमीच्या ट्युनिंगला, असं केलं तर बेंड मारताना (तार बोटानं बाजूला ओढून सूर चढवताना) बोटाचं टोक सोलून निघतं आणि पोरं गिटारच बाजूला ठेवतात.

तारा बदलताना एकेक बदला. सगळ्या एकदम काढल्या तर मानेवरचा ताण एकदम जातो आणि ट्रेमोलोवाली (दांडीनं हलणारा, स्प्रिंगांवरचा ब्रिज असलेली) गिटार असेल तर ब्रिज मागं पडतो, मग परत जागेवर आणताना तासभर जातो. खुंटीवर जाड तारांना दोन-तीन वेढे आणि बारीक तारांना चार-पाच वेढे पुरतात, वेढे एकमेकांवर चढू देऊ नका, वरनं खाली एकाखाली एक यायला पाहिजेत. तार चढवून सुरात आणली की मधनं बोटांनी हलकी उचलून ताणा, सूर उतरेल, परत चढवा, परत ताणा, सूर उतरायचा थांबेपर्यंत हे करायचं. हे न करता वाजवायला घेतलं की दर पाच मिनिटाला ट्यूनर काढावा लागतो आणि मग तारांना नावं ठेवतात.

नंतर मान बघायची. ताण वाढल्यामुळं मान पुढच्या बाजूला वाकते, मधल्या फ्रेटवर तारा उंच होतात. बघायची पद्धत सोपी आहे, सगळ्यात जाड तार पहिल्या फ्रेटवर दाबा आणि त्याच वेळी मान बॉडीला जिथं मिळते तिथल्या, म्हणजे सतराव्याच्या आसपासच्या फ्रेटवर दाबा, आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेटमधली फट बघा. ती फट पाव मिलिमीटरच्या आसपास पाहिजे. झेरॉक्सचा साधा कागद साधारण ०.१ मिलिमीटर असतो, म्हणजे दोन-तीन कागद एकत्र सरकायला पाहिजेत पण मोकळे लोळायला नकोत. फट जास्त असेल तर ट्रस रॉडचा नट समोरनं बघताना घड्याळाच्या दिशेनं पाव फेरा, जास्त नाही, आणि मग परत सुरात आणून बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बघा कारण लाकूड हळूहळू बसतं. ॲलन की बरोबर मापाचीच पाहिजे, ढिली की घातली की नटाचे कोपरे झिजतात. आणि की फिरवायला फार जोर लागत असेल तर तिथंच थांबा, तो नट तुटला तर मान गेली.

आता दुसरा नट, म्हणजे डोक्याकडची ती पांढरी पट्टी ज्याच्या खाचांतनं तारा जातात. ४६ ची तार बसणाऱ्या खाचेत ४९ ची तार घट्ट बसते, खुंटी फिरवली की सूर हलत नाही आणि मग एकदम टिक करून वर उडी मारतो. पोरं म्हणतात ट्युनिंग मशीन खराब आहे, नवीन मशीनचे पैसे घालवतात, आणि दोष बहुतेक वेळा त्या खाचेत असतो. शिसपेन्सिलीचं टोक खाचेत घासून बघा, त्यातल्या ग्रॅफाइटची पूड वंगणासारखी काम करते, निम्म्या वेळा तेवढ्यावरच भागतं.

नाही भागलं तर आपल्यासारखं नशीबवान गाव दुसरं नाही. मिरजेत एकोणिसाव्या शतकापासनं सतारी आणि तंबोरे बनतायत, २०२४ मधी मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन पण मिळालं. तिथले काही कारागीर गिटारचं बारीकसारीक काम पण घेतात. ज्या माणसाचा हात आयुष्यभर जवारी काढण्यात (सतारीची घोडी घासून सूर खुलवण्यात) गेलाय त्याला नटाची खाच म्हणजे डाव्या हाताचं काम. काम चालू असताना बाजूला बसून बघावं असं आहे. तार सैल करून खाचेतनं बाजूला सरकवतात, बारीक कानस खाचेत ठेवून खुंट्यांच्या दिशेनं थोडी खाली झुकवत दोनच हात मारतात, फुंकर मारतात, तार परत जागेवर, खुंटी अर्धा फेरा, आणि कान जवळ नेऊन ऐकतात. परत दोन हात. खाच रुंद करायची असते, खोल नाही, खोल गेली की उघडी तार पहिल्या फ्रेटला घासायला लागते आणि मग नटच बदलावा लागतो. तिथं जाताना तुम्ही लावलेल्या नव्या तारा गिटारवर असू द्या आणि "काका, ह्याच जाडीच्या तारा कायम राहणार आहेत" असं आधीच सांगा, म्हणजे ते त्या मापानं खाच करतील.

ट्रेमोलो असेल तर जाड तारा ब्रिजला पुढं ओढतात आणि ब्रिज मागनं उचललेला दिसतो. गिटारच्या पाठीवरचं प्लॅस्टिकचं झाकण काढलं की स्प्रिंगा आणि त्यांना धरणारे दोन मोठे स्क्रू दिसतील, ते अर्धा-अर्धा फेरा आवळा, सुरात आणा, बघा, परत अर्धा. तीन स्प्रिंगांवर भागलं नाही तर चौथी टाका. ट्रेमोलो वापरतच नसाल तर पुरते आवळून ब्रिज बॉडीला टेकवून टाका, सूर टिकेल. मग बाराव्या फ्रेटवर तारांची उंची बघा, जाड तारेला २ मिलिमीटरच्या आसपास आणि बारीक तारेला दीड-पावणेदोन ठीक. सगळ्यात शेवटी इंटोनेशन, बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि तिथंच दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर सारखा यायला पाहिजे, दाबलेला चढा लागत असेल तर सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) मागं सरकवा, उतरा लागत असेल तर पुढं. हे आधी करून उपयोग नाही, मानेचं आणि उंचीचं काम झाल्यावरच.

आता पेडल.

पहिलं पेडल घेत असाल तर ओव्हरड्राइव्ह, म्हणजे आवाज थोडा फाडणारं पेडल घ्या. दीड ते तीन हजारात आज जी ओव्हरड्राइव्ह पेडलं मिळतात त्यातली बरीचशी आयबानेझच्या ट्यूब स्क्रीमरच्या सर्किटवर बेतलेली असतात, ते सर्किट १९७० च्या दशकाच्या शेवटाचं आहे. त्यात एक साधी चिप, आवाज छाटणारे डायोड आणि काही रेझिस्टर-कपॅसिटर एवढंच असतं, हे पार्ट मुळातच स्वस्त आहेत, त्यामुळं स्वस्त पेडलचा आवाज महागड्याच्या खूप जवळ जातो ह्यात नवल काही नाही. पैसे कुठं वाचवलेले असतात तर पायाचा स्विच, दोन्ही जॅक, नॉब आणि बॉडी इथं. म्हणून पेडल तपासताना कान नंतर, हात आधी. स्विच वीस-पंचवीस वेळा दाबा, दर वेळी लागतो का, आणि दाबताना स्पीकरमधनं मोठा फट् आवाज येतो का. जॅकमधी केबल घालून ती हलकी वर-खाली हलवा, आवाज तुटला नाही पाहिजे. प्रत्येक नॉब ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा, खरखर येते का ऐका. जॅक पहिल्या दिवशीच ढिला असेल तर आवाज कितीही आवडू दे, परत करा, तो पुढं अजून ढिलाच होणार.

पॉवरचं नीट वाचा कारण इथं पेडलं मरतात. बहुतेक पेडलांना ९ व्होल्ट डीसी लागतं आणि पिन आतनं निगेटिव्ह, बाहेरनं पॉझिटिव्ह. घरात पडलेला वायफाय राउटरचा अडॅप्टर बहुतेक वेळा ह्याच्या उलटा असतो, आणि वर तो १२ व्होल्टचा असू शकतो. पिन तर बरोबर बसते, त्यामुळंच फसायला होतं. अडॅप्टरवर आणि पेडलवर गोल चिन्ह असतं, मधल्या ठिपक्याला कुठली खूण जोडलीय ते दोन्हीवर सारखं आहे का बघा. चिन्ह पुसलेलं असेल तर मल्टिमीटरनं बघून घ्या, इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही दुकानात मिनिटाचं काम आहे. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी पण चालते, ओव्हरड्राइव्हला करंट फारच कमी लागतो त्यामुळं ती बरेच दिवस पुरते, फक्त वाजवून झालं की गिटारची केबल इनपुटमधनं काढा. केबल आत असली की बॅटरी चालूच राहते, लाइट बंद दिसला तरी. डिले-रिव्हर्बची डिजिटल पेडलं मात्र बॅटरी भराभर खातात, त्यांना अडॅप्टरच लावा.

जोडताना ॲम्पचा व्हॉल्यूम शून्य. बहुतेक पेडलांवर गिटार उजवीकडच्या जॅकला आणि ॲम्प डावीकडच्या जॅकला. आधी पेडल बंद ठेवून ॲम्पचा क्लीन आवाज तुम्हाला आवडेल असा लावून घ्या आणि मग त्याला हात लावायचा नाही. पेडलचा ड्राइव्ह (म्हणजे गेनचा नॉब) शून्यावर, टोन मधोमध, आणि लेव्हल असा लावा की पेडल चालू-बंद केलं तरी आवाज तेवढाच मोठा राहील. ही पायरी कुणी करत नाही आणि सगळी परीक्षा इथंच चुकते, कारण माणसाच्या कानाला थोडा मोठा आवाज कायम चांगलाच वाटतो. लेव्हल सारखी केली की मग खरं कळतं पेडल काय करतंय. ड्राइव्ह हळूहळू वाढवा आणि दर वेळी लेव्हल परत जुळवा.

वाजवायचं काय, तर जे तुम्हाला झोपेत येतं ते. एक तार सुटी, मग दोन तारा एकत्र, मग पूर्ण कॉर्ड. पूर्ण कॉर्डमधी सगळे सूर वेगळे ऐकू येतायत का सगळा काला होतोय? मग ड्राइव्ह निम्म्यावर ठेवून गिटारचा व्हॉल्यूम १० वरनं ५-६ वर आणा. चांगलं ओव्हरड्राइव्ह इथं जवळपास साफ होतं आणि जोरात मारलं की परत थोडं चिडतं. माझ्या लेखी पेडल ठेवायचं का परत करायचं ते ह्या एका चाचणीवर ठरतं, कारण गाणं चालू असताना तुम्ही वाकून नॉब फिरवणार नाही, करंगळीनं गिटारचा व्हॉल्यूमच फिरवणार. मोबाइलवर एकच तुकडा पेडल बंद आणि चालू असा रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी हेडफोनवर ऐका.

बरेच जण ॲम्प नाही म्हणून होम थिएटरला किंवा कीबोर्डच्या ॲम्पला लावून बघतात आणि म्हणतात पेडल भंगार आहे, नुसतं माशी घोंगावल्यागत वाजतंय. गिटारच्या ॲम्पचा स्पीकर साधारण ५ हजार हर्ट्झच्या वरचा आवाज बराचसा गाळून टाकतो, होम थिएटरचा ट्वीटर तो सगळा जसाच्या तसा बाहेर काढतो. तिथं टोन पाव भागावर आणा, होम थिएटरचा ट्रेबल कमी करा, आणि तरीही निकाल देऊ नका. मित्राकडं गिटारचा ॲम्प असेल तर पेडल पिशवीत घालून त्याच्याकडं जा.

घूं असा आवाज येत असेल तर लगेच पेडलला दोष देऊ नका. सिंगल कॉइल पिकअप घरातल्या वायरिंगचा ५० हर्ट्झचा घूंकारा पकडतो आणि ड्राइव्ह तो मोठा करून दाखवतं. गिटार घेऊन जागेवरच फिरा, एका दिशेला तोंड केल्यावर तो कमी झाला तर ते पिकअपचं काम आहे. तारांना हात लावल्यावर कमी होत असेल तर गिटारचं शिल्डिंग किंवा घरातलं अर्थिंग बघा, जुन्या वाड्यात आणि भाड्याच्या खोलीत अर्थिंग कित्येकदा नावालाच असतं. चोकवाली ट्यूबलाइट, पंख्याचा रेग्युलेटर, लॅपटॉपचा चार्जर एकेक बंद करून बघा. आणि लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर पेडलची परीक्षा घेऊ नका, साधे स्क्वेअर वेव्हवाले इन्व्हर्टर असले की ॲम्पच भुणभुणतो. शंका असेल तर पेडल बॅटरीवर लावून बघा, तेवढ्यानं आवाज गेला तर दोष अडॅप्टरचा.

जाड तारा आणि पेडल एकत्र आले की खालच्या तारांचा सिग्नल जोरकस होतो आणि ड्राइव्ह लवकर भरतं, कॉर्ड गढूळ वाजतो. त्यासाठी पिकअप जाड तारांच्या बाजूनं स्क्रूनं थोडा खाली घ्या. शेवटचा फ्रेट दाबून तार आणि पिकअपमधी जाड बाजूला अडीच आणि बारीक बाजूला २ मिलिमीटर ठेवून सुरुवात करा आणि पुढं कानानं ठरवा. ड्राइव्ह पण १० च्या तारांवर ठेवत होता त्यापेक्षा कमी लागेल. ट्यूब स्क्रीमर टाइपचं सर्किट खालचे सूर आधीच थोडे कापून मधले पुढं आणतं म्हणून उतरवलेल्या ११ च्या तारांशी त्याचं चांगलं जमतं. फझचं (आवाज फारच फाडणारं) पेडल असेल तर मात्र पूर्ण कॉर्ड सोडा, एक-दोन तारांवरच वाजवा.

पावसाळ्यात आपल्याकडं हवेत एवढा ओलावा असतो की तारा लवकर काळ्या पडतात, जाड असोत का बारीक. वाजवून झालं की कोरड्या सुती फडक्यानं प्रत्येक तार खालनं-वरनं पुसा. आणि जून-जुलैत मान परत एकदा कागद घालून बघा, पावसात लाकूड फुगून हलतं. तेव्हा ट्रस रॉडला पाव फेरा लागला तर तारा परत बदलायच्या भानगडीत पडू नका, फेरा द्या आणि सुरात आणा. जुना १० चा सेट चांगला असेल तर टाकू नका, गुंडाळून पाकिटात ठेवा, महिनाभरानं ११ बोटांना झेपत नाहीत असं वाटलं तर परत लावता येईल. तेव्हा मात्र ट्रस रॉड आणि स्प्रिंगा जेवढ्या आवळल्या होत्या तेवढ्या सैल कराव्या लागतील, म्हणून किती फेरे दिलेत ते आत्ताच मोबाइलवर लिहून ठेवा.